नको ते विचार डोक्यातून जात नाहीत? वही-पेन घेऊन पायरीपायरीने करायच्या गोष्टी

मन चिंती ते वैरी न चिंती, असं आपल्याकडे म्हणतात. रात्री दोन वाजता ज्याच्या डोक्यात 'आपलं काही खरं नाही' हे एकच वाक्य फिरत असतं, त्याला या म्हणीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. घरची माणसं प्रेमाने म्हणतात, "अरे, विचार करू नकोस." विचार थांबत नाही, आणि तो थांबवता येत नाही म्हणून आपणच कमकुवत आहोत असा आणखी एक विचार वर येऊन बसतो.

विचार दाबून जात नाहीत हे प्रयोगातही दिसलेलं आहे. डॅनियल वेग्नर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८७ साली काही विद्यार्थ्यांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं, आणि आलाच तर घंटा वाजवायला लावली. घंटा वाजत राहिली. नंतर त्यांना अस्वलाचा विचार करायची मोकळीक दिली, तेव्हा आधी दाबून धरणाऱ्यांच्या डोक्यात तो इतरांपेक्षा जास्त आला.

म्हणून इथे विचार हाकलायचा नाही. तो पकडायचा, कागदावर उतरवायचा, तपासायचा आणि मग हातपाय हलवून पडताळायचा. ही पद्धत अल्बर्ट एलिस (१९५५ पासून) आणि ॲरन बेक (१९६० च्या दशकात) या अमेरिकी मानसोपचारकांच्या कामातून आली. एलिसची पद्धत मराठीत 'विवेकनिष्ठ' या नावाने गेली कित्येक वर्षं शिकवली जाते. जगभरचे समुपदेशक वापरतात तीच ही वही, घरी करता येईल अशी.

आधी एक गोष्ट. जीव द्यावासा वाटत असेल, स्वतःला इजा करावीशी वाटत असेल, तर वही बाजूला ठेवा. आत्ताच १४४१६ या टेलिमानस (सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनी) क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, चोवीस तास सुरू असतो आणि मराठीत बोलता येतं. एकटे राहू नका, घरातल्या किंवा शेजारच्या कुणाला तरी जवळ बसवा. जिवाला तातडीचा धोका असेल तर ११२.

## काय लागेल

- शंभर पानी साधी वही आणि पेन. फोनवर लिहिलं तरी चालतं, पण लिहिता लिहिता मेसेज येतो आणि वही राहते. कागद बरा.
- रोज १५ ते २० मिनिटं आणि गजर. वीस मिनिटांच्या पुढे बसायचं नाही, त्याचं कारण पायरी ७ मध्ये आहे.
- वही ठेवायला खात्रीची जागा. कुणी वाचेल ही भीती असेल तर माणूस खरं लिहीत नाही.
- निदान तीन आठवड्यांची सवड. पहिल्या चार-पाच दिवसांत काहीच फरक वाटत नाही, आणि बहुतेक वह्या तिथेच बंद पडतात.

## १. शरीराची बाजू तपासून घ्या

ही पायरी लोक सर्रास गाळतात. थायरॉइडचं काम मंदावलं, बी-१२ कमी झालं (शुद्ध शाकाहारी घरांत हे बरंच आढळतं), हिमोग्लोबिन उतरलं, तर थकवा, उदासी, चिडचिड आणि 'काहीच जमत नाही' ही भावना त्यातूनही येते. नेहमीच्या डॉक्टरांना लक्षणं सांगा आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी-१२, हिमोग्लोबिन तपासायचं का ते विचारा. चालू गोळ्यांची यादी दाखवा. बाळंतपणाला काही आठवडे किंवा महिने झाले असतील तर ते न विसरता सांगा. त्या काळातलं नैराश्य वेगळं असतं आणि त्यावर चांगले उपचार आहेत.

झोप आणि दारू यांचा हिशोब स्वतःचा स्वतः करा. दारूने झोप लागते, पण उत्तररात्री मोडते, आणि पहाटे तीन-चारला जाग आली की जे विचार येतात ते दिवसभरातले सगळ्यांत काळे असतात. त्या वेळी आलेल्या कुठल्याही विचारावर निर्णय घ्यायचा नाही, तो फक्त टिपून ठेवायचा. हा नियम कायमचा.

## २. पहिला आठवडा: फक्त पकडा

या आठवड्यात विचार बदलायचा नाही. तीन रकाने आखा: प्रसंग, विचार, भावना.

विचार इतक्या झटकन येऊन जातो की तो दिसतच नाही, दिसतो तो त्याचा परिणाम. छातीत धस्स होतं, पोटात गोळा येतो, अचानक उठून जावंसं वाटतं. मूड असा बदलला की तीच खूण समजा आणि स्वतःला विचारा: 'आत्ता, या क्षणी, डोक्यातून काय गेलं?' जमलं तर तिथल्या तिथे दोन शब्द टिपा, रात्री वहीत नीट उतरवा.

प्रसंग या रकान्यात कॅमेऱ्याला दिसलं असतं तेवढंच येतं. 'साहेबांनी सगळ्यांसमोर माझा अपमान केला' हा प्रसंग नव्हे. 'साहेब म्हणाले, हा तक्ता पुन्हा करून आणा. तिथे चार जण होते' हा प्रसंग. अपमान हा आपण काढलेला अर्थ, तो दुसऱ्या रकान्यात.

विचार जसा आला तसा, आपल्याच बोलीत लिहा. वाक्य शिवीसकट आलं असेल तर शिवीसकट. साफसूफ केलेलं वाक्य पुढे तपासताना उपयोगाचं राहत नाही.

भावना एका शब्दात, आणि शेजारी ० ते १०० मध्ये तीव्रता: भीती ७०, शरम ८५, राग ४०. विचारावर किती विश्वास बसतो तेही टक्क्यांत लिहा. हे आकडे अंदाजाचेच असतात, पण ते लिहिलेच नाहीत तर वही काम करते आहे की नाही हे नंतर कळणार कसं?

इथे दोन ठिकाणी हमखास चुकतं.

पहिलं, विचाराच्या रकान्यात भावना लिहिली जाते. 'मला वाटलं की मी खूप दुःखी आहे' यात तपासण्यासारखं काही नाही. दुःख झालं ते कोणत्या वाक्यामुळे, ते शोधा.

दुसरं, विचार प्रश्नाच्या रूपात येतो. 'नापास झालो तर?' 'लोक काय म्हणतील?' प्रश्नाचा खरेखोटेपणा तपासता येत नाही. त्याचं विधान करा: 'मी नापास होणार.' 'नातेवाईक मला बिनकामाचा समजतील.' लिहिताना बोचतं, पण भुंगा नेमका कुठे बसलाय ते तेव्हाच दिसतं.

## ३. ठरावीक साचे ओळखा

आठवड्याभराच्या नोंदी वाचल्या की तेच तेच साचे दिसायला लागतात. एक तर सगळं नाही तर काहीच नाही: नव्वद टक्के काम झालं तरी 'वाट लावली'. दुसरा मनकवडेपणा: समोरच्याने निळ्या टिका येऊनही उत्तर दिलं नाही, म्हणजे तो रागावलाय हे आपणच ठरवून टाकतो. राईचा पर्वत करणं. एका चुकीवरून स्वतःवर कायमचा शिक्का मारणं, 'मी नालायक'. चांगलं झालेलं खात्यात न धरणं, 'ते काय, नशिबाने झालं'. आणि हट्टाची अपेक्षा: 'मला हे पहिल्या फटक्यात जमलंच पाहिजे', 'घरच्यांनी मला समजून घेतलंच पाहिजे'. एलिसचा सगळा भर या शेवटच्या साच्यावर होता. इच्छा असायला हरकत नाही. इच्छेची सक्ती झाली की ती पुरी न होणं असह्य वाटायला लागतं.

साच्याचं नाव नोंदीशेजारी एका शब्दात लिहा, बस. नावं अचूक लावण्यात वेळ घालवू नका. बहुतेकांचे दोनच साचे लाडके असतात, ते सापडले की पुरे.

## ४. उलटतपासणी

दुसऱ्या आठवड्यापासून आणखी दोन रकाने: बाजूचा पुरावा आणि विरुद्ध पुरावा. रोज एकच नोंद घ्या, ज्याची भावना ६०च्या वर आहे अशी. भावना नव्वदीत असताना तपासणी होत नाही, डोकं चालतच नाही. तेव्हा आधी पाच मिनिटं श्वास: चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. श्वास सोडणं लांबलं की ठोके हळूहळू मंदावतात. सत्तरीपर्यंत आलं की वही उघडा.

उदाहरण पूर्ण करून बघू. पुण्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी एक मुलगी घ्या. राज्यसेवा पूर्वपरीक्षेच्या धर्तीवरचा सराव पेपर: १०० प्रश्न, २०० गुण, चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या दोन गुणांचा पाव हिस्सा, म्हणजे अर्धा गुण वजा. तिला ७३.५ पडले. रात्रीची नोंद अशी:

प्रसंग: सराव पेपरात २०० पैकी ७३.५. अभ्यासिकेतल्या मैत्रिणीला १०२.
विचार: 'माझ्यात ती कुवतच नाही. बाबांचे पैसे वाया घालवतेय.' विश्वास ९०%.
भावना: शरम ८५, निराशा ८०.

पहिली गोष्ट, इथे दोन विचार आहेत. ते वेगळे करायचे आणि एका वेळी एकच घ्यायचा. 'माझ्यात कुवत नाही' हा घेऊ.

बाजूचा पुरावा तिने प्रामाणिकपणे लिहायचा, यात हातचं राखायचं नाही. निवड व्हायला लागतात त्याच्या बरेच खाली गुण आहेत. हा दुसरा प्रयत्न आहे. अर्थव्यवस्थेच्या १५ प्रश्नांत ४ बरोबर.

विरुद्ध पुरावा शोधायला मन तयार नसतं, म्हणून पेपरच समोर घ्यायचा. ८८ प्रश्न सोडवले, ४७ बरोबर, ४१ चूक. म्हणजे ९४ मिळवले आणि २०.५ घालवले. चुकलेल्या ४१ पैकी १६ ठिकाणी निव्वळ ठोकून दिलं होतं. ते सोडले असते तर ८ गुण वाचले असते. आधीचे तीन पेपर ५८, ६६.५, ६४. राज्यघटनेत १५ पैकी ११ बरोबर.

हे रकाने शेजारी ठेवले की 'कुवत नाही' या एका शब्दाचे तीन तुकडे होतात: अर्थव्यवस्था कच्ची आहे, ठोकण्याची सवय महागात पडतेय, आणि एकूण गुण अजून कमी आहेत. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, गोड नाहीत. पण तिन्हींवर काम करता येतं, कुवतीवर करता येत नाही.

पुरावा लिहिताना कोर्टात टिकेल तोच लिहा. 'मला आतून वाटतंच' हा पुरावा नाही. 'आई म्हणते तू हुशार आहेस' हाही नाही, तो दुसऱ्याचा अभिप्राय झाला. रकाना रिकामाच राहत असेल तर एक प्रश्न हमखास कामी येतो: हीच गुणपत्रिका माझ्या धाकट्या बहिणीची असती, तर मी तिला काय म्हणाले असते?

## ५. पर्यायी वाक्य लिहा, घोषवाक्य नको

दोन्ही बाजू धरणारं एक वाक्य तयार करा. मुलीचं वाक्य असं होईल: 'गुण अजून कमी आहेत आणि अर्थव्यवस्था कच्ची आहे, पण गुण चढत आहेत, आणि ठोकणं थांबवलं तर पुढच्या पेपरात ऐंशीच्या वर जाता येईल.'

'मी करू शकते, मी जिंकणारच' असलं काही लिहू नका. ज्यावर स्वतःचाच विश्वास नाही ते वाक्य मन दोन मिनिटांत परतवून लावतं आणि आधीचा विचार जास्त खरा वाटायला लागतो. पर्यायी वाक्यावर स्वतःचा विश्वास निदान ६०% बसला पाहिजे. बसत नसेल तर ते खाली उतरवा, सौम्य करा, पण खरं ठेवा.

मग जुन्या विचारावरचा विश्वास आणि भावना पुन्हा मोजा. विश्वास ९० वरून ५०, शरम ८५ वरून ५५, एवढं झालं तरी ती उत्तम नोंद. शून्य हे ध्येय ठेवू नका. कमी गुण पडल्यावर वाईट वाटणं योग्यच आहे. आकडा जराही हलला नाही, तर बहुधा खरा डंख मारणारा विचार अजून कागदावर आलेला नाही. 'समजा हे खरं असलं, तर त्याचा माझ्या लेखी अर्थ काय?' असं विचारत एकेक पायरी खाली उतरा. या उदाहरणात तळाशी 'बाबांना तोंड दाखवायला मी लायक नाही' असं काही निघू शकतं. मग तपासायचं ते वाक्य.

## ६. प्रत्यक्ष करून पडताळा

नुसतं लिहिण्याने डोक्याला पटतं, मनाला पटतंच असं नाही. विचार भविष्याबद्दल असेल तर त्याची परीक्षा घ्या. भाकीत लिहा: 'बाबांना गुण सांगितले तर ते ओरडतील, परत ये म्हणतील. खात्री ८०%.' तारीख टाका. फोन करा. काय झालं ते शब्दशः लिहा. ते ओरडलेच, तरी नंतर काय झालं हेही लिहा: परत ये म्हणाले का? बोलणं किती वेळात निवळलं? भाकीत खोटं ठरवणं हा उद्देश नाही, पडताळणं हा आहे.

सोप्यापासून सुरुवात करा. मीटिंगमध्ये बोलायची भीती असेल तर पहिल्या दिवशी एकच प्रश्न विचारा, सादरीकरण नंतर. आणि पळवाटा बंद ठेवा: बोललात पण मान खाली घालून पुटपुटलात, तर 'कुणी हसलं नाही ते मी हळू बोलल्यामुळे' असं मन म्हणणारच.

उदासीमुळे काहीच करावंसं वाटत नसेल तर क्रम उलटा लावा. उत्साहाची वाट बघू नका, दहा मिनिटांचं काम ठरवा: भांडी घासणं, कोपऱ्यापर्यंत चालून येणं, एका मित्राला फोन. झाल्यावर दोन आकडे लिहा, 'बरं वाटलं' आणि 'जमलं', ० ते १० मध्ये. सुरुवातीला दुसराच आकडा वर असतो. तेवढा पुरतो.

## ७. रवंथ आणि काळजीची वेळ

पायरी ४ करता करता काही जण दीड-दोन तास लिहीत बसतात. ती तपासणी नव्हे, रवंथ. ओळखायची खूण: 'माझ्याच बाबतीत असं का?', 'त्या दिवशी मी असं का बोललो?' असे 'का'चे प्रश्न गोल फिरत राहतात आणि पुढचं पाऊल काही निघत नाही. गजर वाजला की वही मिटा, उठा, जागा बदला. 'आता उद्या काय करू?' हा एकच प्रश्न सोबत न्या.

दिवसभर काळजी डोकं खात असेल तर तिला वेळ ठरवून द्या. रोज एकाच खुर्चीत, एकाच वेळी, समजा संध्याकाळी सहा ते सहा वीस. इतर वेळी काळजी आली की चिठ्ठीवर दोन शब्द लिहून 'सहाला' असं स्वतःला सांगायचं. सहाला चिठ्ठ्या काढून मनापासून काळजी करायची. निम्म्या चिठ्ठ्या तोवर शिळ्या झालेल्या असतात. ही खुर्ची झोपायच्या खोलीत नको, आणि वेळ झोपेच्या आधीच्या दोन तासांत नको.

## ८. विचार खरा निघाला तर

निघतो. कर्ज खरंच डोक्यावर आहे, नोकरी खरंच जाणार आहे, आजारी माणूस खरंच घरात आहे. अशा वेळी विचार बदलत बसणं हा स्वतःवर अन्याय आहे. पान उलटा आणि लिहा: अडचण नेमकी काय, माझ्या हातात त्यातलं काय, सुचतील तितके मार्ग (वेडगळसुद्धा), त्यातला एक, आणि पहिलं पाऊल कोणत्या दिवशी किती वाजता. जे हातात नाहीच, त्याचं दुःख कुणाजवळ तरी बोला.

घरातला छळ, मारहाण, जातीवरून अपमान, कामावरचा त्रास, हे 'आपल्या विचारांचे दोष' नव्हेत. तिथे मदत मागणं आणि बाहेर पडायची वाट शोधणं हेच काम.

## ९. वही पुरत नाही तेव्हा

दोन आठवड्यांहून जास्त काळ बहुतेक दिवस, दिवसाचा बराच भाग उदास वाटतंय, कशातच रस नाही, झोप-भूक बिघडली आहे, कामावर परिणाम होतोय, तर तज्ज्ञ माणूस गाठा.

आणखी एका बाबतीत ही वही वापरूच नका. मनात पुन्हा पुन्हा नको ती चित्रं किंवा शंका येतात (हात अस्वच्छ आहेत, गॅस चालू राहिला, देवाबद्दल अभद्र विचार, बाळाला आपल्याकडून इजा होईल) आणि त्या शमवायला धुणं, तपासणं, मनात जप असं काही करावंच लागतं, तर तो मंत्रचळ असू शकतो. तिथे पुरावे तपासणं हाच नवा विधी होऊन बसतो आणि त्रास वाढतो. त्यासाठी वेगळी उपचारपद्धत आहे, ती तज्ज्ञाकडूनच घ्या. मोठ्या आघाताच्या आठवणी परत परत येत असतील तरी एकट्याने उकरू नका.

कुणाकडे जायचं? मनोविकारतज्ज्ञ हे डॉक्टर, ते औषध देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बोलून उपचार करतात, औषध देत नाहीत. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, ती विचारायला संकोच करू नका. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य विभागाची ओपीडी कोणत्या वारी असते ते चौकशी खिडकीवर कळतं. प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत, गोव्यात बांबोळीला सरकारी मानसोपचार संस्था आहे. तिथे ओपीडीत दाखवलं म्हणजे भरती करून घेतात असं नाही. ठाण्याच्या आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) सारख्या संस्था १९९० पासून मराठीत हे काम करत आहेत. काहीच सुचत नसेल तर १४४१६ वर जवळचं ठिकाण विचारा.

सोबत न्यायचं:
- आधार कार्ड, जुना केसपेपर असल्यास तो
- चालू औषधांची यादी किंवा पाकिटंच, आयुर्वेदिकसुद्धा
- रक्ताचे अलीकडचे अहवाल
- वहीतली तीन-चार पानं. 'काय होतंय?' विचारल्यावर शब्द फुटत नाहीत, तेव्हा पान पुढे करता येतं
- घरात कुणाला असा आजार होता का, याची माहिती

नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. मळमळ, झोपेतला फरक असले त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात जाणवू शकतात. म्हणून अनेक जण दहाव्या दिवशी 'त्रासच होतोय, फायदा नाही' म्हणून गोळी सोडतात. डॉक्टरांना फोन करा, मात्रा बदलता येते. बरं वाटल्यावरही गोळी एकदम बंद करायची नाही, ती टप्प्याटप्प्याने उतरवतात, नाहीतर चक्कर, अस्वस्थता येते. एक गोष्ट मात्र तातडीची: गोळी सुरू केल्यावर जीव देण्याचे विचार किंवा विलक्षण बेचैनी वाढली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. विशीतल्या आणि त्याहून लहान मुलांच्या घरच्यांनी पहिले काही आठवडे यावर बारीक लक्ष ठेवावं.